शिंदे मॅडम गैरहजर

परवा एका अनोळखी गृहस्थांनी माझ्याच वहीत, माझ्याच पेनने, मी लिहिलेला 'शिक्षिका' हा शब्द खोडला आणि वर 'शिक्षीका' असं लिहिलं. मी सातवीला मराठी शिकवते. आणि मला त्यांना एक अक्षरही सुनावता आलं नाही, कारण मला बोलायचीच बंदी होती.

थोडक्यात सांगते. दिवाळीनंतर आवाज बसला तो उठेना. ज्येष्ठमध झालं, आलं-मध झालं, हळदीचं दूध झालं. शेवटी इथेच साताऱ्यात एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि स्वरतंतूंना घट्टे पडलेत म्हणून सांगितलं. दोन्ही तंतूंवर, समोरासमोर, जिथे ते सगळ्यात जोरात एकमेकांवर आपटतात तिथे. बोलताना बाईमाणसाचे स्वरतंतू सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा आपटतात म्हणे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत निम्मा वेळ आवाज चालू धरला तरी दोन लाखांवर आपटणी झाली. एका तासिकेत! हा हिशोब मी मुख्याध्यापकांना लिहून दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, गणिताचे सर जानेवारीत रजेवर आहेत, तुम्ही घ्याल का?"

ऑपरेशन नको, आधी आवाजाला विश्रांती, मग स्पीच थेरपी, असं ठरलं. विश्रांती म्हणजे पूर्ण मौन. कुजबुजायचं नाही, त्यातही ताण पडतो. खाकरायचंसुद्धा नाही. बातमी पसरली आणि गल्लीतला प्रत्येक पुरुष माझ्या नवऱ्याला भेटून "मज्जा आहे बुवा तुमची" असं सांगून गेला. प्रत्येकाला वाटत होतं, हा विनोद आपल्यालाच सुचलाय. नवरा पहिल्यांदा हसला, मग कसनुसा हसला, मग दार उघडायला मुलाला पाठवायला लागला. मला एकदाही कोणी विचारलं नाही की बाई, तुझं कसं चाललंय. विचारून उपयोग नव्हता म्हणा, मी सांगणार कशी.

तर परवा मी फेरतपासणीला गेले. शंभरपानी वही आणि पेन घेऊन. बाकावर शेजारी हे काका होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं (म्हणजे माझं घ्यायची काही गरज नव्हती), मांडीवर जुन्या रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी. त्यांनी विचारलं, "काय त्रास?" मी वही पुढे केली : 'काका, बोलायला मनाई आहे. शिक्षिका आहे, आवाज गेलाय. ऐकू येतं.'

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, लावला. मजकूर दोनदा वाचला. मग हात पुढे केला. मला वाटलं वही परत देतायत. त्यांना पेन हवं होतं. त्यांनी माझ्या ओळीखाली लिहिलं, 'वरील मजकूर वाचला.' त्याखाली छोटी सही आणि तारीख.

मी कानाकडे बोट दाखवलं, मान हलवली, पेन मागून घेतलं आणि लिहिलं, 'तुम्ही बोला ना. माझे कान ठीक आहेत.' उत्तर आलं, 'समजले. तथापि लेखी असलेले बरे. पुढे वाद नको.'

काका पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत. हे मला विचारावं लागलं नाही, पहिल्या परिच्छेदातच होतं. पुढे शीर्षक देऊन खाली रेघ मारली होती. 'विषय : नाक.' मग मुद्दे. एक, उजवी नाकपुडी सन 1998 पासून बंद. दोन, नाकाचे हाड वाढल्याचे निदान. तीन, ऑपरेशनचा सल्ला मिळाला, तथापि घरच्यांचा विरोध, सबब प्रकरण प्रलंबित. चार, सध्या डावीवर भागवले जात आहे.

आपल्याकडे हाड नेहमी वाढतंच. खरं म्हणजे दोन नाकपुड्यांमधला पडदा, थोडा हाडाचा, थोडा कूर्चेचा, तो वाकडा असतो, आणि थोडाफार वाकडा तो बहुतेकांचा असतो. हे समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यावर चित्रासकट लिहिलेलं होतं. मी काकांना तक्ता दाखवला. काकांनी तक्ता वाचला आणि लिहिलं, 'पाहिले. सदर चित्र डाव्या बाजूचे आहे.'

माझ्या 'शिक्षिके'कडे त्यांचं लक्ष गेलं ते यानंतर. त्यांनी ओळीवरून पेन मागे नेलं, थांबले, जरा हसले, आजकालच्या शिक्षकांबद्दल निवृत्त माणूस हसतो ते हसू, आणि माझी वेलांटी फिरवली. दुरुस्तीपुढे आद्याक्षरं! मी पेनावर झडप घातली. ते म्हणाले, म्हणजे त्यांनी लिहिलं, 'घाई करू नये. आपण आजारी आहात.'

समोरच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या, कानाला कापूस लावून. कानाचा पेशंट स्वतः हळू बोलतोय असं समजून जे बोलतो ते तिसऱ्या दुकानापर्यंत जातं. त्या सुनेला म्हणाल्या, "दोघंही मुकी आहेत बाई. बाप-लेक दिसतात. कसं गोड लिहून बोलतायत बघ." अख्खी खोली आमच्याकडे वळून पाहायला लागली. दोन मिनिटांपूर्वी खणखणीत आवाजात "काय त्रास?" विचारलेल्या या माणसाने आता तरी तोंड उघडायला हवं होतं ना? त्यांनी शांतपणे लिहिलं, 'समोरील महिला आपणांस उद्देशून बोलत आहेत.'

आणि नेमकं तेव्हा काउंटरवरून हाक आली. "शिंदे!"

आता कान-नाक-घशाचा दवाखाना म्हणजे काय, तर निम्म्या पेशंटना ऐकू येत नाही आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना बोलता येत नाही. तिथे नंबर कसा पुकारायचा? तोंडाने! आणि पेशंटने "हो" म्हणायचं, तेही तोंडाने! काउंटरवरच्या मुलीने मान वर करून पाहिलं तर शप्पथ. मी हात वर केला. वर्गातलं पोर करतं तसा, कोपरातून सरळ. मग उभी राहिले, पण मध्ये सलाईनचा स्टँड आणि मावशींची सून होती. मी काकांना कोपराने ढोसलं, काउंटरकडे बोट केलं. एक हाक मारा हो! त्यांनी पेनाचं टोपण काढलं. लिहिलं, 'आपले नाव पुकारले काय?' आणि खाली सही करायला लागले.

साताऱ्यात 'शिंदे' अशी हाक मारली की कोणी ना कोणी उठतंच. मळ काढायला आलेले एक आजोबा उठले आणि माझी फाईल घेऊन आत गेले. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "जीभ बाहेर काढा... ईईई म्हणा... अहो, कान नका दाखवू." मग बराच वेळ काही नाही. मग, "आजोबा, तुम्ही शाळेत शिकवता का?" आजोबा म्हणाले, "हो." त्यांनी प्रत्येकच प्रश्नाला हो म्हटलं असणार.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काका बाकावरून अर्धवट उठले आणि असे गरजले, "हां बोल रेऽऽ! नाही, नंबर नाय आला अजून! दूध तापवून ठेव!" की आतल्या आजोबांनीसुद्धा "हो" म्हटलं. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी फोन खिशात टाकला, पेन उचललं आणि लिहिलं, 'मुलाचा दूरध्वनी होता.'

डोसेवाल्याकडे हल्ली लाल आकडे चमकतात. बँकेत चमकतात. पासपोर्टला चमकतात. जिथे सगळ्यांना धडधाकट ऐकू येतं तिथे आकडे चमकतात, आणि जिथे लोक कान आणि घसा दाखवायला येतात तिथे एक मुलगी मोबाईलमधून डोकं न काढता ओरडते.

पण त्या मुलीवर तरी किती रागवायचं? तिचाही घसा एक दिवस जाणारच. माझा कुठे एका दिवसात गेला. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय. माझ्या वर्गात साठाच्या घरात आहेत. शाळेभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा 50 डेसिबलची मर्यादा, आणि साधं बोलणंच 60 च्या आसपास भरतं. म्हणजे मी "पुस्तकं काढा" म्हटलं की कायदा मोडते, आणि पलीकडच्या मंगल कार्यालयातला बँजो वाजतो तेव्हा परंपरा जपली जाते. शाळेत माईक आहे, तो कपाटात असतो. पंधरा ऑगस्टला प्रमुख पाहुण्यांसाठी निघतो. पाहुणे त्यात "हॅलो हॅलो" म्हणून मग माईक बाजूला सारतात, "मला माईकची गरज नाही" म्हणून. टाळ्या पडतात. मी दोन वर्षं लेखी मागणी करतेय. काका म्हणतात ते खरं आहे, लेखी असलेलं बरं. फक्त कोणी वाचत नाही.

गात्या माणसाचे स्वरतंतू पहिल्यांदा नीट पाहिले तेही कोणा डॉक्टरने नाही, मॅन्युएल गार्सिया नावाच्या गाण्याच्या मास्तरांनी. 1854 साली त्यांनी दंतवैद्याचा छोटा आरसा घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. म्हणजे हे सगळं शास्त्र आमच्या पेशाचं देणं आहे, आणि आम्हालाच बाकावर बसवतात. मास्तर 101 वर्षं जगले. नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्या, जुन्या पेन्शनला मुकलेल्या आम्हा लोकांना ही माहिती ऐकून धडकीच भरते.

असो. तीन नंबरांनंतर मला आत घेतलं. डॉक्टर भले आहेत. "मौन पाळलं ना खरंच? दाखवा वही," म्हणाले आणि एका हाताने पानं उलटत दुसऱ्या हाताने माझी जीभ कापसाच्या पट्टीत धरून बाहेर ओढली. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "नाकाचाही त्रास आहे? 1998 पासून? अहो, इतकी वर्षं अंगावर काढायचं असतं का?"

मी म्हटलं, "ईईई."

"आणि घरच्यांचा विरोध आहे? मिस्टरांना घेऊन या. मी बोलतो त्यांच्याशी."

"ईईईई!"

"छान. असंच धरा."

पडद्यावर माझे स्वरतंतू दिसत होते, पांढरे, चकचकीत, उघडझाप करणारे. घट्टे लहान झालेत. आता रोज दहा मिनिटं बोलायची परवानगी मिळाली. हळू, सावकाश, घसा न ताणता, आणि ओरडायचं बिलकुल नाही.

पहिल्या दिवसाची दहाच्या दहा मिनिटं मी काउंटरवर खर्च केली. फाईल, आजोबा, पुकारा, लाल आकडे, काही म्हणून सोडलं नाही. मुलीने सगळं ऐकून घेतलं, औषधांची चिठ्ठी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "मॅडम, एवढं बोलता येतंय, तर मघाशी नुसतं 'हो' म्हणायचं ना."