चिप कुठली, हे नंतर. बॅच कुठली, ते आधी सांगा

मराठी गप्पांत चिपचा विषय निघाला की गाडी हमखास धोलेरा-साणंदवर जाते. कारखाने गुजरातला गेले, महाराष्ट्राच्या हाती काय लागलं? भांडण रास्त आहे. पण घेतलेली चिप सदोष निघाली तर कंपनीने गिऱ्हाइकाला काय सांगायचं आणि कधी, यावर जर्मनीतून कान देऊनही काही ऐकू येत नाही.

ताजं उदाहरण इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं. गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश यायचा, ग्राफिक्स कार्ड ठणठणीत असताना. आपल्याकडचा दुकानदार अशा वेळी आधी रॅम बदलतो, मग एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा), आणि शेवटी 'तुमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम असेल' म्हणतो. व्होल्टेजचाच घोळ होता, पण घरातल्या नव्हे. प्रोसेसर मदरबोर्डकडे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्या भाराखाली, उष्णतेत, कोअरमधलं क्लॉकचं, म्हणजे कामाचा ताल धरणारं, सर्किट अकाली म्हातारं होत होतं. एप्रिल २०२४ मध्ये इंटेलचं बोट मदरबोर्डवाल्यांच्या सेटिंगकडे होतं. जुलैत मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, चूक मान्य झाली, पूर्ण कारणमीमांसा सप्टेंबरात आली. सुरुवातीच्या काही १३व्या पिढीच्या चिपमध्ये ऑक्सिडेशनचा (गंजण्यासारखा) वेगळा दोषही होता. तो कारखान्यात २०२३ मध्येच निस्तरला होता, पण गिऱ्हाइकाला कळला २०२४ च्या जुलैत. कुठल्या बॅच, ते तेव्हाही नाही.

याच कंपनीने २०११ मध्ये उलट वागून दाखवलं होतं. मदरबोर्डवरच्या ६-सिरीज चिपसेटमध्ये साटाचे, म्हणजे हार्ड डिस्क जोडायचे, २ ते ५ हे पोर्ट कालांतराने मंदावतील, ० आणि १ ठीक आहेत, असं ३१ जानेवारीला जाहीर केलं, माल पाठवणं थांबवलं आणि दुरुस्ती-बदलीसाठी सुमारे ७० कोटी डॉलर धरले. म्हणजे जमतं. तेव्हा चिपसेट बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता, हा मोठा फरक. लाखो घरांत पोचल्यावर खरं बोलणं फार महाग पडतं.

मी राहतो त्या जर्मनीतल्या कायद्याने कंपनीला खरं बोलायला लावलं, असंही नाही. जर्मन गिऱ्हाइकालाही तितकंच उशिरा कळलं. फरक इतकाच, की इथे विकणारा दोन वर्षं जबाबदार असतो आणि पहिल्या १२ महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरतात. नव्हता, हे दुकानदाराने सिद्ध करायचं. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची जबाबदारी आहे, पण चाचणी लागेल अशा दोषासाठी ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवतो आणि फी तक्रारदाराला भरायला लावू शकतो. कधी कोसळणारा, कधी तासन्‌तास नीट चालणारा प्रोसेसर तिथे दोष दाखवेलच असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण माल परत मागवायला लावू शकतं, पण तो 'धोकादायक' किंवा 'असुरक्षित' असेल तर. हिशेबाची फाइल गुपचूप खराब करणारी चिप त्या शब्दांत बसवताना वकिलाचा घाम निघेल. माहीत असलेला दोष लपवणं हीच अनुचित व्यापार प्रथा मानून सिरियल नंबरांची यादी मागणं, हा मला सरळ मार्ग वाटतो.

तोवर ज्यांच्याकडे ६५ वॉट किंवा त्यावरचा असा १३व्या-१४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर आहे, त्यांनी बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) मायक्रोकोडची आवृत्ती बघावी. ०एक्स१२एफ (0x12F) पेक्षा जुनी असेल तर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट करावा. त्याने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. आधीच क्रॅश होत असेल तर बदलीच मागायची. बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढून पाच झाली आहे. लॅमिंग्टन रोडवर चार पैसे वाचवून ट्रे, म्हणजे बॉक्सशिवायचा सुटा, प्रोसेसर घेतला असेल तर कंपनी थेट दाद देत नाही, दुकानदारच धरावा लागतो. तो हात वर करू लागला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करण्याआधी पक्कं बिल, प्रोसेसरवरचा सिरियल नंबर आणि बायोसच्या स्क्रीनचा फोटो जवळ ठेवा.