सहा न पडणारा हात

काल रात्री लूडो खेळताना माझी सहा वर्षांची भाची रडली. दहा वेळा फासा टाकला तरी सहा पडेना, चारही सोंगट्या घरातच. शेजारी बसलेली मोठी माणसं प्रेमानेच म्हणाली, "अगं, आज तुझा हातच बरा नाही. आईला टाकू दे." मला ते फार लागलं.

हिशेब करून बघा. सलग दहा वेळा सहा न पडणं शंभरात साधारण सोळा वेळा घडतं. आणि डावात चौघं असतील, तर जवळजवळ निम्म्या डावांत कुणीतरी एक जण दहा फेकींनंतरही अडकलेला असतो. काल ती होती. तिच्या हाताचा काय संबंध?

लहान मुलांना शक्यता कळतच नाही, असं आपण धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि इन्हेल्डर यांनी 1951 च्या पुस्तकात तसंच मांडलं होतं. त्यांचा प्रयोग असा: तबकात एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला पांढरे मणी. तबक हलवलं की ते मिसळत जातात, पण लहान मुलं म्हणायची, मणी परत आपापल्या जागी जातील. पण 2008 मध्ये फेई शू आणि वश्ती गार्सिया या संशोधकांनी आठ महिन्यांच्या बाळांना बहुतेक पांढऱ्या चेंडूंची पेटी दाखवली. तिच्यातून चार लाल आणि एकच पांढरा निघाला, तेव्हा बाळं जास्त वेळ टक लावून बघत राहिली. बोलताही न येणाऱ्या बाळाला काहीतरी खटकलं होतं!

म्हणजे जाणीव आत असते, ती शब्दांत मांडणं मात्र फार उशिरा जमतं. आणि मधल्या वर्षांत शब्द आपण पुरवतो: नशीब, दृष्ट, वाईट हात. आपल्याकडे संभाव्यतेचा धडा दहावीत येतो. तोवर हे शब्द किती मुरलेले असतात, ते शिकवणाऱ्यांना विचारा.

आज सकाळी आम्ही दोघी वही घेऊन बसलो. साठ वेळा फासा टाकला, प्रत्येक आकड्यापुढे तिने रेघ मारली. सहा हा आकडा आठ वेळा पडला. तिने बोटाने रेघा मोजल्या, परत मोजल्या आणि म्हणाली, "मावशी, तीनपण आठच आहेत! मग सहाच कठीण का वाटतो?"

"कारण आपण त्याचीच वाट बघतो," मी म्हटलं.

संध्याकाळी पुन्हा डाव मांडला. सात फेकी झाल्या, सहा नाही. ती रडली नाही. फासा आजीच्या हातात ठेवला आणि वहीत रेघ मारायला वळली.