‘ब्लॉक करा, विषय संपवा’ म्हणणाऱ्यांना

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सायबर बुलिंगसाठी नवा कायदा नको: ब्लॉक करा, विषय संपवा, आहेत ती कलमं पुरे आहेत, नवं कलम आणलंत तर त्याचं 66अ (आयटी कायद्याचं रद्द झालेलं कलम) होईल, आणि पोलिसांना एवढा वेळ आहे कुठे? चार वाक्यं, चारही ठासून.

ब्लॉक केल्यानं मला दिसायचं थांबतं. बाकीचा वर्ग बघतच असतो.

‘कलमं पुरे आहेत’ हे एकदा लावून बघू. समजा, स्नेहसंमेलनात गाताना नववीतल्या मुलाचा आवाज फाटला. कुणीतरी क्लिप काढली, तिचे स्टिकर झाले, रोज नव्या नावानं ग्रुप निघतोय, महिना झाला. भारतीय न्याय संहितेचं कलम 78 पाठलागाचं आहे. त्यात ऑनलाइन पाठलागही येतो, पण पुरुषानं स्त्रीचा केलेला. 79 सुद्धा स्त्रीच्या अपमानापुरतंच. पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, मुलगा-मुलगी भेद करत नाही, पण तिथे लैंगिक हेतू लागतो. आयटी कायद्याचं 67 अश्लील मजकुराला, 66ई खासगी अवयवांच्या चित्रणाला. धमकी नाही, म्हणजे न्याय संहितेचं 351 गेलं. उरली 356 ची बदनामी; ती अदखलपात्र. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील आणि कोर्टाचा रस्ता दाखवतील. 2021 च्या आयटी नियमांनी ठरावीक तासांत मजकूर उतरवायला लावलं, तेही नग्न वा लैंगिक चित्रं आणि तोतयेगिरी यांच्यासाठी. फाटलेल्या आवाजाला तिथेही जागा नाही. पोरानं जिवाचं काही करून घेतलं आणि कुणी त्याला तसं करायला लावलं हे सिद्ध झालं, तर मात्र न्याय संहितेचं 107 आहे, थेट फाशीपर्यंत. म्हणजे कायदा आहे, पण तो तेराव्याला येतो.

66अ ची भीती खरी आहे आणि आपण महाराष्ट्रात ती फार जवळून पाहिली. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीनं लाइक केलं, अटक दोघींना झाली. 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयानं हे कलम रद्द केलं. केरळनं 2020 मध्ये तसलंच कलम, पोलीस कायद्यातलं 118अ, वटहुकुमानं आणलं आणि ओरड होताच काही दिवसांत गुंडाळलं. इथवर मेसेज बरोबर.

पण 66अ पडलं ते त्यातल्या शब्दांमुळे. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’ म्हणजे नक्की काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ठाणे अंमलदार ठरवेल ते. उलट पाठलागाचं कलम 2013 पासून टिकून आहे, तेव्हा जुन्या दंड संहितेचं 354ड, आता न्याय संहितेचं 78. त्यात मोजमाप आहे: स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं. हाच सांगाडा घ्या, ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ काढा, एका ठरावीक व्यक्तीला वारंवार लक्ष्य करणं एवढंच धरा. नेत्यावरची टीका किंवा एखादी तिरकस कमेंट त्यात बसणारच नाही.

आणि कायदा म्हटलं की बेडीच डोळ्यांसमोर का यावी? न्यूझीलंडनं 2015 मध्ये कायदा केला. तिथे तक्रार आधी नेटसेफ या संस्थेकडे जाते, समेटाचा प्रयत्न होतो; नाही जमलं तर न्यायालय मजकूर काढायला, माफी मागायला सांगू शकतं. शिक्षा आहे, पण मुद्दाम गंभीर मानसिक त्रास देणाऱ्याला. वर्गातल्या चार टारगट पोरांना खरं तर हेच हवं. माफीचा व्हिडिओ टाकायला लागला की निम्मी हवा जाते.

शेवटचं वाक्य, पोलिसांचं, ते काही मला खोडता येत नाही. आयटी कायद्याच्या कलम 78 नुसार (हे न्याय संहितेचं नव्हे, आकडा तोच) तपास निरीक्षक किंवा त्यावरच्याच अधिकाऱ्यानं करायचा. लहान ठाण्याच्या निरीक्षकाकडे बंदोबस्त, खून, दरोडे सगळंच असतं. आमच्या पोराची क्लिप तो कधी बघणार? नवा कायदा लिहिताना तपास फौजदाराकडे द्या, एवढं तरी त्यात घाला.