मॉर्फिनच्या गोळीला घाबरवणारा तो मेसेज

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: अमेरिकेत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पेनकिलरनं वर्षाला लाख माणसं मरतात, आकडा वाढतोच आहे, तेच विष आता विट्यात सापडलंय, म्हणून कॅन्सर पेशंटला मॉर्फिन (अफूपासून बनणारं जोरदार पेनकिलर) देऊ नका. मी मिरजेत कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, मला हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिलं, लाखाचा आकडा सगळ्या ड्रग्जच्या ओव्हरडोसचा आहे. २०२२ ला तिथं जवळपास १ लाख ८ हजार माणसं गेली, त्यात कोकेन, मेथसारखी उत्तेजक ड्रग्ज सगळं आलं. ओपिऑइडचे, म्हणजे अफूच्या जातीतले मृत्यू साधारण ८२ हजार, आणि त्यातल्या जवळपास ७४ हजारांत फेंटानिलसारखा सिंथेटिक, म्हणजे रसायनांतून तयार केलेला ओपिऑइड माल होता, बहुतेक चोरून बनवलेला. डॉक्टरी गोळ्या सापडल्या असे १५ हजारांच्या आत, त्यातही बऱ्याच जणांच्या अंगात फेंटानिल होतंच.

सुरुवात गोळ्यांनी झाली हे मात्र खरंय. १९९६ ला पर्ड्यू या अमेरिकन औषध कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइड पेनकिलर गोळी आणली, व्यसन लागायची भीती कमी म्हणून खपवली, आणि त्या खपवण्याबद्दल २००७ आणि २०२० ला कोर्टात गुन्हा कबूल केला. पुढं २०१० पासून हेरॉइन वाढलं, २०१३ नंतर फेंटानिल.

"वाढतोच आहे" हे तर साफ चूक. २०२३ ला आकडा थोडा उतरला आणि २०२४ ला एकदम खाली आला, एकूण ८० हजारांच्या आसपास, त्यात ओपिऑइडचे ५५ हजारांच्या आसपास. अजूनही भयंकरच आहे, पण दिशा उलटी आहे.

विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत २०२५ च्या जानेवारीत पकडलं ते एमडी, मेफेड्रोन. ते उत्तेजक, ओपिऑइड नव्हेच.

आता मॉर्फिन. हाडात कॅन्सर पसरलेला माणूस कूस बदलताना चादरीचं टोक दातात धरतो, आणि पोरगं बाहेर येऊन म्हणतं, "सिस्टर, आत्ताच नको, शेवटाला ठेवूया." अहो, शेवटाची वाट कशाला बघायची? साधी गोळी दर चार तासांनी, डोस थोडा-थोडा वाढवत, दुखणं आटोक्यात आलं की माणूस जेवतो, झोपतो, नातवंडांशी बोलतो. अशा हिशोबात दिलेलं मॉर्फिन मरण जवळ आणत नाही. बद्धकोष्ठता हमखास होते, म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबतच लागतं. पहिले काही दिवस गुंगी वाटते, पण माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल तर पुढचा डोस थांबवून लगेच हॉस्पिटल गाठा. आणि आठवडे-महिने चालू असलेली गोळी मेसेज वाचून एकदम बंद करू नका, अंग थरथरतं, घाम सुटतो, दुखणं दुपटीनं उसळतं.

भीती वाटायचीच तर दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या ट्रॅमाडॉलची वाटू द्या, तेही ओपिऑइड पेनकिलरच. २०१८ पासून ते एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. घरात मॉर्फिन असेल तर कपाटाला कुलूप लावा, आणि उरलेल्या गोळ्या शेजारच्या गुडघेदुखीला न देता हॉस्पिटलात परत आणून द्या.