‘वॉरंटी वाढवा, निर्धास्त व्हा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

लग्नसराई जवळ आली की नाशिकच्या फोटो-व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. सध्या तो कुंभमेळ्याची फोडणी देऊन आलाय. म्हणणं थोडक्यात असं: कंपनीची वॉरंटी संपली की कॅमेरा बिघडतोच. एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे जादा पैसे देऊन वाढवलेली मुदत, घेतली की पडणं, भिजणं, कसलीच चिंता उरत नाही. दुरुस्तीचा खर्च बघता तिचे पैसे म्हणजे चिल्लर. वॉरंटी नसेल तर तुम्हाला कोणी दारात उभं करत नाही. कुंभाच्या गर्दीत उतरायचं तर ती हवीच. आणि कॅमेरा विकताना हे पैसे वसूल होतात. खाली नेहमीप्रमाणे ‘प्रत्येक शूटर बांधवापर्यंत पोहोचवा’.

मेसेज कुणी लिहिला माहीत नाही, पण काउंटरच्या कोणत्या बाजूला उभं राहून लिहिलाय ते लगेच कळतं. मी काउंटरच्या अलीकडचा, म्हणजे विकत घेणारा. लग्नं, साखरपुडे, मंदिरातले उत्सव, क्लासची लेक्चरं अशी सगळी कामं करतो. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा, वॉरंटी संपली की कॅमेरा बिघडतोच. ही भीती कॅसेटच्या जमान्यातली आहे, आणि त्या जमान्यात ती खरी होती. १९९५ साली डीव्ही ही डिजिटल कॅसेट आली आणि पुढची दहा-बारा वर्षं आपण सगळे मिनी डीव्हीवर होतो. त्या कॅमेऱ्याच्या पोटात कॅसेट आत ओढणारं यंत्र होतं, टेपवर चित्र उमटवणारं, गरगर फिरणारं हेड होतं. हेड झिजायचं, टेप अडकायची, पट्ट्यापट्ट्यांचं चित्र यायचं. फिरणारा भाग झिजणारच. त्या काळी कुणी वॉरंटी वाढवून घेतली असेल तर त्याला मी नावं ठेवणार नाही.

आता रेकॉर्डिंग कार्डावर होतं. टेप नाही, फिरणारं हेड नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूत कारखान्यातला दोष असेल तर तो बहुतेक वेळा सुरुवातीच्या महिन्यांतच तोंड वर काढतो, कारण खराब जोडणी किंवा कच्चा सुटा भाग ताण पडल्यावर फार दिवस तग धरत नाही. दुसरी लाट पार म्हातारपणी येते. मधली वर्षं त्या मानाने शांत असतात. आणि वाढीव वॉरंटी विकली जाते ती नेमकी या मधल्या वर्षांची. सुरुवातीच्या दोषांना कंपनीची वॉरंटी आहेच, म्हातारपणापर्यंत ही योजना पोहोचत नाही.

शिवाय दोष खरोखर मोठा आणि सगळ्यांच्याच मालात असेल तर काय होतं, याचं एक उदाहरण जुन्या लोकांना आठवत असेल. सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमध्ये, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपमध्ये, उष्ण आणि दमट हवेत आतल्या तारांची जोडणी सुटायची. चित्र वेडंवाकडं यायचं, नाहीतर यायचंच नाही. २००५ साली हे बाहेर आलं. तेच सेन्सर वापरणाऱ्या कॅनन, निकॉन, फूजीसारख्या कंपन्यांनाही ते कबूल करावं लागलं, आणि वॉरंटी उलटून गेलेले कॅमेरेही फुकट दुरुस्त करून द्यावे लागले. दरवेळी असंच होईल असं म्हणत नाही. पण वॉरंटी संपताच बंद पडावा असाच कॅमेरा बनवतात, ही गोष्ट चहाच्या टपरीवर ठीक आहे.

दुसरा मुद्दा पडण्या-भिजण्याचा, आणि मेसेजमधली सगळ्यात मोठी थाप हीच. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे कंपनीच्या वॉरंटीची लांबी वाढते, रुंदी वाढत नाही. जे पहिल्या दोन वर्षांत धरलेलं नव्हतं ते तिसऱ्या-चौथ्या वर्षीही धरलेलं नसतं. कारखान्यातला दोष असेल तर दुरुस्ती, बाकी तुमचं तुम्ही बघा. पडणं, पाणी, धूळ, बुरशी, चोरी, चुकीचा चार्जर हे सगळं बाहेर. अपघाती नुकसानीची योजना वेगळी असते, तिचे पैसे वेगळे असतात, आणि काउंटरवर ही दोन नावं सोयीस्करपणे एकमेकांत मिसळली जातात.

आता आपला कॅमेरा कशाने मरतो ते आठवा. हळदीत मूठभर हळद थेट लेन्सवर येते आणि झूम रिंगच्या खाचेत जाऊन बसते. रिंग फिरवली की करकर आवाज. वरातीत धूर, कागदी भुरा, कुणाचा तरी कोपर. रंगपंचमीला तिवंधा चौकात किंवा शनी चौकात रहाडीच्या, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदाच्या, काठावर उभं राहून धप्पे (त्यात मारलेल्या उड्या) टिपायला सगळ्यांना आवडतं. प्रत्येक धप्प्याला रंगीत पाण्याचा लोट काठावर येतो. प्री-वेडिंगला गंगापूर धरणाच्या कडेला ट्रायपॉडचा एक पाय चिखलात खचतो. आणि पावसाळ्याचे चार महिने चामड्याच्या बॅगेत, कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी उमटते. यातलं एक तरी कारखान्यातला दोष आहे का?

सगळ्यात फसवा असतो तो एचडीएमआयचा पोर्ट, म्हणजे चित्र बाहेर पाठवणारी केबल खुपसायची जागा. माझ्या ओळखीच्या एका शूटरने लाईव्हच्या कामासाठी वाढीव वॉरंटीसकट कॅमेरा घेतला होता. त्याचा मायक्रो एचडीएमआय पोर्ट नखाएवढा. त्यात केबल घालून एलईडी वॉलला जोडायची, केबल लोंबकळत राहायची, जाणारा-येणारा तिला अडखळायचा. एक दिवस चित्र जाऊ-येऊ लागलं. सर्व्हिस सेंटरवाल्याने भिंग लावून पोर्टात टॉर्च मारला, आतली एक पिन किंचित वाकलेली दिसली, आणि जॉबशीटवर दोन शब्द लिहिले: ‘फिजिकल डॅमेज’. विषय संपला. कागद वाचला तर सेंटरवाल्याचं काही चुकलं नव्हतं. दोनेकशे रुपयांचा केबल क्लॅम्प कॅमेऱ्याच्या पिंजऱ्याला (भोवतीच्या धातूच्या चौकटीला) लावला असता तर पोर्टावर ताणच आला नसता.

पडण्या-भिजण्याची, चोरीची धास्ती असेल तर त्यावर उपाय विमा आहे. सामान्य विमा कंपन्या ने-आण करायच्या उपकरणांसाठी ‘ऑल रिस्क’ प्रकारची पॉलिसी देतात. त्यातही फटी असतात. प्रत्येक दाव्यात काही रक्कम आपल्याला सोसावी लागते, उभ्या गाडीतून बॅग गेली तर बहुतेक हात वर करतात, आणि आपोआप झालेला बिघाड त्यात बसत नाही. पण निदान ज्याने आपले कॅमेरे जातात त्याचा विचार तिथे आहे. बिल आणि सिरियल नंबर जपून ठेवा, चोरीत पोलिसांचा कागद लागतो.

‘चिल्लर’ या शब्दाचा हिशोब करू. समजा बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, दीड लाखाची. पुढच्या दोन वर्षांची वाढीव वॉरंटी जीएसटी धरून साडेतेरा हजार. मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) बदलायला समजा पंचेचाळीस हजार लागतात, म्हणजे बऱ्यापैकी वाईट प्रसंग धरलाय. पैसे वसूल व्हायचे तर दहातल्या तीन शूटरांचे बोर्ड जायला हवेत. तेही तिसऱ्या-चौथ्या वर्षीच, आणि न पडता, न भिजता, कारखान्याच्या दोषाने. दहातले तीन! एवढे बोर्ड खरंच जात असते तर त्या कॅमेऱ्याला बाजारात कुणी हात लावला नसता.

यापेक्षा त्याच दहा जणांनी भिशी लावावी. दहा गुणिले साडेतेरा हजार, एक लाख पस्तीस हजार. ज्याचा कॅमेरा जाईल त्याला त्यातून दुरुस्ती, आणि कुणाचाच नाही गेला तर पैसे आपलेच. हवं तर सामाईक बॅकअप बॉडी घ्या. ऐन मुहूर्ताला कॅमेरा बंद पडला तर वॉरंटीचा कागद काय सप्तपदी शूट करणार आहे? नाशिकला दिलेला कॅमेरा पुष्कळदा पुढे मुंबईला किंवा पुण्याला जातो आणि सुटा भाग येईपर्यंत तिथेच बसतो. तिथी मात्र थांबत नाही. दुसरी बॉडी हाताशी असणं, किंवा कुणाची भाड्याने मिळेल हे आधीच ठरवून ठेवणं, हीच आपल्या धंद्यातली खरी वॉरंटी.

याच हिशोबात आणखी एक गोम आहे. सेल्समन ‘चार वर्षांची वॉरंटी’ म्हणतो तेव्हा त्यात कंपनीची दोन वर्षं मोजलेली असतात. तुम्ही पैसे देता ते फक्त उरलेल्या दोनाचे, आणि देता आज. काही कंपन्या तर कॅमेरा वेळेत ऑनलाइन नोंदवला की वाढीव मुदत फुकट देतात. बिल झाल्या दिवशी घरी जाऊन पाच मिनिटं घालवा, आधी ते पदरात पाडून घ्या.

वॉरंटी नसली तर कोणी दारात उभं करत नाही, हे अर्धसत्य. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, जुलै २०२० पासून लागू. सदोष वस्तूबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, नाशिकला आयोग आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, पुष्कळ भांडणं तिथेच मिटतात. ‘तू धंद्यासाठी घेतलास म्हणजे ग्राहक नाहीस’ असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा: पोटासाठी, स्वयंरोजगार म्हणून स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूची धरलेली नाही. पाच मुलं पगारावर ठेवून स्टुडिओ चालवणाऱ्याचं प्रकरण वेगळं, तिथे वाद होऊ शकतो.

गंमत म्हणजे कायदा आपल्याला ग्राहक मानतो, पण वाढीव वॉरंटीच्या बऱ्याच योजना मानत नाहीत. ‘फक्त घरगुती वापरासाठी’ अशी ओळ बारीक अक्षरात असते. लग्नाच्या ऑर्डरी मारणाऱ्या माणसाने ती योजना घेतली की पहिल्याच दाव्याला प्रश्न येणार: कॅमेरा कशासाठी वापरता? मेसेज पाठवणाऱ्या शूटर बांधवांपैकी किती जणांनी ही ओळ शोधलीय? आणि ‘वॉरंटी घेतली तरच कॅमेरा मिळेल’ असं दुकानात सुनावलं तर ती जबरदस्ती आहे. एका वस्तूसोबत दुसरी घ्यायलाच लावणं याच कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा म्हणून नोंदलेलं आहे. एवढं मोठ्याने बोललं तरी काउंटरवरचा सूर बदलतो.

कुंभाचा मुद्दा तर वाचताना हसूच आलं. अमृत स्नानं आहेत २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. २०२६ मध्ये घेतलेल्या कॅमेऱ्यावर कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी असेल तर ती २०२८ पर्यंत चालते. म्हणजे रामकुंडावर आणि कुशावर्तावर तुम्ही शूट करत असाल तेव्हा तुमची विकत घेतलेली वाढीव वॉरंटी सुरूसुद्धा झालेली नसेल! त्या दिवसांत पाऊस असणार, धक्काबुक्की असणार, ओल्या हातांनी कार्ड बदलावं लागणार. तयारी करायची तर रेनकव्हर, मनगटाचा पट्टा, कोरडी फडकी, दोन कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग, आणि घरी आल्यावर कॅमेरा ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात, चाळीस-पन्नास टक्के आर्द्रतेला. साडेतेरा हजारांत ड्राय कॅबिनेट येऊन वर पैसे उरतात.

मग वाढीव वॉरंटी कुणीच घेऊ नये का? तसं नाही. एखादं देवस्थान किंवा क्लास एकच कॅमेरा स्टँडवर लावून रोज तासन्‌तास लाईव्ह करत असेल, लेन्स बॉडीतच असेल, हाताळणारा तज्ज्ञ नसेल आणि वर्षाचं बजेट आधी मंजूर करून घ्यावं लागत असेल, तर घ्यावी. तिथे कॅमेरा पडत नाही, भिजत नाही, पण तापतो भरपूर, आणि आतला बिघाड हाच खरा धोका असतो. मात्र ती थेट कंपनीची असावी, मधल्या कुठल्यातरी तिसऱ्याची नको. तो तिसरा चौथ्या वर्षापर्यंत धंद्यात असेल याची खात्री कोण देणार? व्यावसायिक वापर चालतो हे लेखी घ्या, आणि कॅमेरा दुरुस्त होण्यासारखा नसेल तर नवा मिळतो, घसारा कापून रक्कम मिळते की त्याच दुकानाचं कूपन हातात ठेवतात, तेही विचारा.

राहिलं विकताना पैसे वसूल होण्याचं. वाढीव वॉरंटी बहुधा पहिल्या खरेदीदाराच्या नावावर असते, आणि दुसऱ्याच्या नावावर होते की नाही हे योजनेवर अवलंबून. सेकंडहँड घेणारा आधी बिल-बॉक्स मागतो, स्क्रीन उघडझाप करून बिजागरी बघतो, मोठा कॅमकॉर्डर असेल तर मेनूत जाऊन किती तास चाललाय ते पाहतो, लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बुरशी शोधतो. वॉरंटीचा कागद पुढे केला तर त्यावरचं नाव वाचतो आणि भाव होता तेवढाच सांगतो.