828 रुपयांचा सावकार

मागे एका वर्षी मी सरकारला जास्त कर भरला. देशप्रेमापोटी नव्हे, आळसापोटी. करसवलतीसाठी लागणाऱ्या घरभाड्याच्या पावत्या रेव्हेन्यू स्टॅम्प लावून तयार होत्या, पण फ्रिजवरच्या टोपलीत. ऑफिसात पोचल्याच नाहीत. मार्चमध्ये टीडीएस, म्हणजे पगारातूनच जाणारा कर, कापून जे उरलं ते बघून बायको म्हणाली, "हा पगार आहे की पगाराचं श्राद्ध?"

जुलैत रिटर्न भरलं. रिफंड निघाला 18,400 रुपये. लगेच त्यातून मिक्सर आला, गोखले रोडवर एक पैठणी बघून झाली, दिवाळीत कोकणात जायचं ठरलं. खात्यात छदाम नाही. रोज सकाळी नौपाड्यात शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहून मी पोर्टल उघडायचो. रांगही हलत नव्हती, रिफंडही.

डिसेंबरात पैसे आले. 19,230!

"कुणाचे तरी चुकून आलेत, परत करा," बायको घाबरली. तिचा मावसभाऊ सीए आहे. तो म्हणाला, "भाऊजी, व्याज आहे ते. महिन्याला अर्धा टक्का, एप्रिलपासून नऊ महिने. 828 झाले. वरचे दोन रुपये दहाच्या पटीत करायला."

म्हणजे सरकार माझं ऋणको! त्या संध्याकाळी तलावपाळीवर सगळ्यांना भेळ खिलवली. 240 रुपये.

पुढच्या जुलैत पुन्हा त्याचाच फोन. "भाऊजी, ते 828 उत्पन्नात धरायचे हं."

"अरे, माझेच पैसे ना?"

"मुद्दल तुमचं, त्यावर कर नाही. व्याज मात्र इतर उत्पन्नात. एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसतंय सगळं."

वीस टक्के, वर सेस. 172 रुपये. भेळ धरली तर सावकारीत उरले 416.

"बरं, यंदाचा रिफंड त्यांच्याकडेच राहू दे. पुढच्या वर्षीच्या करात वळता करा म्हणावं."

"तशी सोय नाही. मागची थकबाकी असेल तर वळता करतात, पुढच्या वर्षात नाही."

घोडबंदर रोडवरच्या यू-टर्नसारखंच हे. हवा तिथे नसतो.

मग एकदम तो थबकला. "थांबा, यंदाचा रिफंड म्हणजे? भाऊजी, पावत्या दिल्या होत्या ना ऑफिसात?"

मी फ्रिजकडे बघितलं. टोपलीवर आता लसूण होता. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, यंदा व्याज किती मिळेल, तेही विचारा."