एक स्टार, गंजकं इंजिन आणि आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की आजोबांचं हॉर्नबी या इंग्लिश कंपनीचं चावीवालं खेळण्यातलं रेल्वे इंजिन दुरुस्तीला दिलं, आम्ही भरपूर दिवस लावले, परत मिळालं तर बॉयलरवर खड्डे तसेच, रंग अर्धाच, चाकं न विचारता बदलली आणि बिल एवढं की लक्ष्मी रोडला नवीकोरी ट्रेन आली असती. वर यूट्यूबवर टॉयलेट क्लीनरमध्ये बुडवून दहा मिनिटांत चकाचक करतात म्हणे. बाकीचे लोकही हे वाचणार, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

हे इंजिन पत्र्याचं आहे, म्हणजे पातळ पोलादी पत्रा आणि त्यावर कथिलाचा थर, आपल्या पितळी पातेल्याला असते तशी कल्हईच म्हणा. ती शाबूत आहे तोवर काही होत नाही, पण एकदा ओरखडा पडला की कथिल लोखंडाला वाचवत नाही, उलट त्या ओरखड्यातलं लोखंड जास्तच जोरात गंजतं. तुमचं इंजिन किती पावसाळे माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून होतं ते तुम्हीच सांगितलंत. चिमणीच्या मागे पत्रा इतका खाल्लेला होता की आतून टॉर्च मारला की टाचणीने भोकं पाडल्यासारखा उजेड बाहेर यायचा, तो फोटो तुम्हाला पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवलाय, बघा परत. गंज मी काढू शकतो, गंजाने खाल्लेला पत्रा कुठून आणू? लांबी (पुट्टी) भरून सपाट करता येतं, पण मग त्यावर रंग मारावाच लागतो.

आणि खरी गोम रंगातच आहे. या मॉडेलला रंग ब्रशने नाही की स्प्रेने नाही, सपाट पत्र्यावर आधी छपाई केली आणि मग तो कापून, वाकवून, टॅब म्हणजे कडेच्या छोट्या पट्ट्या मुडपून इंजिन जोडलं. तो एलएमएस या जुन्या इंग्लिश रेल्वे कंपनीचा लाल, त्यावरच्या बारीक रेघा, अक्षरं, सगळं छापलेलं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून बारा व्होल्टचा चार्जर लावला की गंज मस्त सुटतो, मी बाकी कामात तेच करतो, पण त्यात छपाईसुद्धा सुटून येते. म्हणून तुम्हाला दोन्ही पर्याय विचारले होते आणि तुमचा मेसेज आहे, "ओरिजिनल रंग जाऊ देऊ नका, आजोबांची आठवण आहे." मग काय, हलकं तेल लावून ठेवायचं, बांबूच्या काडीने आणि कापसाने रंगावर चढलेला गंज थोडा थोडा उचलायचा, रंग हलायला लागला की थांबायचं, शेवटी वॅक्स. वेळ त्यात गेला. जो रंग आज दिसतोय तो छापलेलाच आहे.

टॉयलेट क्लीनर म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड हो. गंजाबरोबर कथिलही जातं, टॅबच्या सांध्यात ते मुरून बसतं आणि धुतलं तरी आतून पुन्हा गंज सुरू. व्हिडिओवाला सहा महिन्यांनंतरचं इंजिन दाखवत नाही. चावीची स्प्रिंग तर त्यात कधीच घालू नये, ॲसिडमध्ये तयार होणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं, मग एक दिवस चावी देताना फाटकन तुटते.

चाकं. ती जस्ताच्या मिश्रधातूची, आणि त्या काळी त्यात शिसं वगैरे मिसळलं गेलं की धातू आतल्या आत फुगून तडकतो, कलेक्टर लोक याला झिंकची कीड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या हॉर्नबीत नेहमीचंच आहे. तुमच्या चाकाला अंगठ्याचं नख लावलं तर कडेचा तुकडा बिस्किटासारखा हातात आला. याला इलाज नाही, बदलणे एवढंच. फोनवर तुम्ही हो म्हणालात म्हणूनच मागवली, आणि जुनी चाकं झिपच्या पिशवीत बॉक्समध्येच दिलीत, उघडून बघा. नवी इंग्लंडहून येतात, बोहरी आळीत मिळत नाहीत. बिलाचा मोठा भाग ती चाकं, टपाल आणि कस्टम आहे, माझी मजुरी त्याखाली वेगळी लिहिलीय.

कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून आलं की लोकांना माळ्यावरचं इंजिन आठवतं आणि सगळ्यांना ते तसंच चकचकीत हवं असतं. तसं हवं तर आणून द्या, सगळं उतरवून लांबी, प्रायमर, स्प्रे, जोरात करून देतो. फक्त बिलावर "रिपेंट" असं लिहून देणार, कारण उद्या ते जुन्या बाजारात ओरिजिनल म्हणून विकलं गेलं तर बोल मला लागतो. आणि तोवर चावी शेवटपर्यंत पिळू नका, स्प्रिंगवर गंजाचे खड्डे आहेत हे डिलिव्हरीलाच सांगितलंय, "अर्धाच ट्रॅक जातं" असं तुम्ही म्हणता ते त्यामुळेच. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, वर्तमानपत्र काढून टाका.